चिंचोक्याची खळ

१

सकाळी साडेअकरा वाजता स्वरूपाने नमुन्यांच्या खोलीतली पत्र्याची ट्रंक उघडली, आत डोकावून पाहिलं आणि हाक मारली, "कृष्णातकाका, जरा इकडे या ना."

आवाज इतका साधा होता, की कृष्णात सनगर हातातला चहाचा कप घेऊनच आत गेला. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेलं वर्तमानपत्र तेवढं होतं. घोंगडं नव्हतं.

"तुम्ही हलवलंत का?" स्वरूपाने विचारलं.

"मी कशाला हलवू, बाई?" कृष्णात म्हणाला आणि उगाचच वाकून ट्रंकेमागे पाहू लागला. वस्तू हरवली की शहाणा माणूसही ती मावणार नाही अशा जागी आधी शोधतो.

करोल बागेत, कपड्यांच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर हे हरित व्यापार मंडळ होतं. विकसनशील देशांतल्या खेड्यापाड्यांत निसर्गाला न दुखावता जो माल तयार होतो, त्याला परदेशात गिऱ्हाईक मिळवून द्यायचं हे त्याचं काम. नमुन्यांच्या खोलीत बांगलादेशच्या तागाच्या पिशव्या होत्या, श्रीलंकेच्या काथ्याच्या चटया होत्या, कोकणातल्या पोफळीच्या विरीच्या, म्हणजे झावळीच्या रुंद देठाच्या, ताटल्या होत्या. आणि या ट्रंकेत होतं कोल्हापूरकडच्या एका खेड्यातल्या बायकांच्या गटाचं घोंगडं. काळ्या मेंढीची लोकर, रंग नाही, रसायन नाही. खरेदीदार संघाचे परदेशी तपासनीस महिन्यापूर्वी येऊन गेले, त्यांनी ते स्वतःच्या हाताने कापडी पिशवीत घालून वर लाखेचं सील ठोकलं. आज दोन वाजता ते परत येणार होते. सील फोडून तुकडा कापणार, प्रयोगशाळेत पाठवणार. तुकडा पास झाला, तर त्या गटाचा माल थेट परदेशात जाणार होता.

नोव्हेंबरातली दिल्ली. हवा इतकी वाईट, की सरकारने निम्म्या लोकांना घरी बसवलेलं. मंडळात आज पाचच माणसं. संचालक विनायक दातारांनी सर्क्युलर काढून साऱ्या खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवून घेतल्या होत्या. बाहेरचा धूर आत येत नव्हता. पण आतल्या माणसाला आपण बरणीत घालून झाकण लावलेल्या लोणच्यासारखे आहोत असं वाटे.

कृष्णात इथला सुरक्षारक्षक. चोवीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, गाझियाबादला दोन खोल्यांत राहणारा. नमुन्यांच्या खोलीची किल्ली त्याच्या टेबलामागच्या खिळ्याला असे. आणि ते घोंगडं विणलं होतं त्याच्याच गावात, घोंगडी विणणाऱ्यांच्या त्याच्याच सनगर गल्लीत. आपल्या गल्लीचा माल दिल्लीत आपल्याच पहाऱ्यात आहे, म्हणून महिनाभर गडी मनातल्या मनात मिशीला पीळ देत होता.

दातारसाहेबांच्या केबिनमध्ये सगळे जमले. साहेबांनी शांतपणे विचारलं, "किल्ली कुणाकडे असते?"

सगळ्यांनी कृष्णातकडे पाहिलं.

२

दातारसाहेब तसे लाघवी माणूस. मूळचे पुण्याचे. शिपाई आला तरी खुर्चीतून उठून "या, या" म्हणणारे. आज मात्र ते बसूनच होते. कपाळाला बाम चोपडला होता, साऱ्या केबिनभर त्याचा दर्प. "पाठ धरलीये सकाळपासून, डोकंही चढलंय," ते म्हणाले. लॅपटॉपखाली त्यांनी दोन जाडजूड अहवाल सरकवले होते आणि त्यावर तो उंच करून ठेवला होता.

"रजिस्टर आणा."

कृष्णातने किल्लीचं रजिस्टर पुढे ठेवलं. त्या दिवशीची एकच नोंद होती. साडेनऊला कृष्णात आणि सुहासिनीबाईंनी नमुने मोजले, सीलबंद पिशवी ट्रंकेत होती. खाली दोघांच्या सह्या.

"त्यानंतर?"

"त्यानंतर किल्ली खिळ्यालाच, साहेब. दहाच्या आणि अकराच्या राउंडला मी जागेवर नव्हतो. पंधरा-पंधरा मिनटं."

"म्हणजे तुमच्याशिवाय कुणी दार उघडलं याचा पुरावा नाही."

नीरज नावाचा एक हसतमुख पोरगेला माणूस तागाच्या मालाची विक्री बघायचा. तो म्हणाला, "सर, बुरा मत मानिए, पर माल भी इनके गाँव का, चाबी भी इनके पास. घर ले गए होंगे, यादगार के लिए."

"घेऊन कुठून जाणार?" स्वरूपा फाडकन बोलली. ही तपासणी अधिकारी. बाप फौजी, लहानपण दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये गेलेलं, आता मुनिरकात भाड्याने राहणारी. "बाहेरच्या दरवाज्यावर कॅमेरा आहे. मी आत्ता चेक केलं. साडेनऊनंतर कोणीच बाहेर गेलेलं नाही. खिडक्या तर पॅक आहेत. मतलब घोंगडी इथेच आहे."

"मग शोधा," साहेब म्हणाले. "कुणीही बाहेर जायचं नाही. पाहुणे दोनला येतील. तोवर सापडलं नाही, तर पोलिसांना बोलवावं लागेल. तक्रार मी लिहून ठेवतो." ते थांबले. "कृष्णात, तुमचं नाव घालावं लागेल. माझाही इलाज नाही. आणि हो, त्या गटाच्या हौसाबाईंना मी फोन करून कळवलंय."

"काय कळवलंत, साहेब?"

"हेच. की तुमच्याकडून नमुना गहाळ झालाय आणि चोरीचा संशय आहे."

नोकरी गेली असती तर त्याने दुसरी धरली असती, हातपाय धड होते. पण सनगर गल्लीत आत्ता, याच घटकेला, कृष्णा चोर निघाला असं बोललं जात होतं. ज्या बायकांनी सहा महिने खपून ते विणलं त्यांचंच त्याने चोरलं म्हणून. गावात त्याची म्हातारी आई एकटी राहत होती. आणि तो इथे, चिकटपट्टी लावलेल्या काचांच्या आत. धड पळता येत नाही, धड ओरडता येत नाही.

"दोन वाजेपर्यंत वेळ आहे ना, साहेब?" त्याने विचारलं.

"दोनपर्यंत."

घड्याळात बाराला दहा कमी होती.

३

शोधाशोध झाली. स्वयंपाकाचा ओटा, कपाटं, छताजवळचे माळे, बाथरूम. अडीच किलोचं घोंगडं; ते काय खिशात घालून फिरता येतं? साहेबांची केबिन सुहासिनीबाईंनी पाहिली.

सुहासिनीबाई नागपूरच्या, पन्नाशीच्या. प्रदर्शनाची मांडणी बघायच्या. सायनसचा जुना त्रास, म्हणून खोलीतही तोंडाला मास्क. "कपाट पाहिलं, सोफ्यामागे पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं," त्या म्हणाल्या. "सर बिचारे जागचे हलले पण नाहीत. चहासुद्धा तिथेच मागवला. पाठ खूपच दुखतेय वाटतं."

कृष्णात पुन्हा ट्रंकेपाशी आला. वर्तमानपत्राचा कागद उचलला. त्याच्या खाली कोपऱ्यात पांढरं काहीतरी होतं. नखाएवढं, पातळ, कडा झिजलेल्या. त्याने नाकाशी नेलं. पण पंधरा दिवसांच्या धुराने त्याचं नाक चोंदलेलं. समोर मासळी बाजार भरला असता तरी कळलं नसतं.

"हे काय आहे, बघा बरं," त्याने स्वरूपाला दाखवलं.

"अरे, ही तर वो सफेद वाली गोली. वॉशबेसिनमध्ये टाकतात ना."

"डांबराची गोळी."

"डांबर म्हणजे रस्त्यावरचं? ट्रंकेत का टाकेल कोणी?"

कृष्णात हसला नाही, पण बरं वाटलं. ज्या पोरीला डांबराची गोळी लोकरीत घालतात हे ठाऊक नाही, तिने ती ट्रंकेत घातली नसणार, हे उघड होतं.

सुहासिनीबाई मात्र दारातूनच मागे सरल्या. "ती दूर ठेवा. तो वास आला की माझं डोकं उठतं. म्हणून तर सकाळी म्हटलं ना, ट्रंक तुम्हीच बघा, तिथे उभं राहवत नाही."

"मला वाटलं घोंगड्याचा वास म्हणताय."

"छे हो. घोंगड्याच्या वासाने डोकं नाही दुखत."

म्हणजे सकाळी साडेनऊला तो वास होता. गोळी आज टाकलेली नव्हती. डांबराची गोळी बोराएवढी असते. झिजून नखाएवढी व्हायला आठवडे लागतात. तीन आठवडे तरी. कृष्णातने रजिस्टर मागे मागे उलटलं. महिन्याभरात किल्ली नेल्याची नोंद दोघींचीच होती, स्वरूपाची दोनदा, सुहासिनीबाईंची चारदा. एकीला गोळी ठाऊक नाही, दुसरीला ती सोसत नाही. नीरज तर त्या खोलीत कधी गेलाच नव्हता. मग गोळी चालत आली?

"बाई, एक सांगा," त्याने स्वरूपाला विचारलं. "घोंगड्याला ही गोळी लागली तर काय बिघडतं?"

स्वरूपाचा चेहरा उतरला. "काका, सब खतम. आज सकाळीच पाहुण्यांची मेल आली, काय काय टेस्ट करणार त्याची लिस्ट. त्यात नॅफ्थलीन आहे. यही गोली. मी पावणेदहाला सरांच्या केबिनमध्ये ती लिस्ट वाचून दाखवली. सगळे होते, तुम्ही सोडून."

म्हणजे चोराला घोंगडं नको होतं. त्याला ते तपासायला जाऊ द्यायचं नव्हतं. पावणेदहाला ती लिस्ट ऐकून कुणीतरी हादरलं होतं, आणि तो माणूस त्या चौघांतलाच होता.

राहता राहिला नीरज. कृष्णातने त्याला पॅन्ट्रीत गाठलं. "दहा बजे कहाँ थे?"

"अपनी सीट पर."

"मी राउंडला आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती."

नीरजने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हवालदार साहब, सर को मत बताना. यहीं पैंट्री में था. सिगरेट पी रहा था, आपकी आहट सुनी तो खिसक गया."

"सबूत?"

"सिगरेट का क्या सबूत होता है, यार?"

पण पुरावा होता. कृष्णातच्या टेबलावर पडलेल्या दुसऱ्या रजिस्टरात होता, आणि तिकडे आतापर्यंत कुणीच पाहिलं नव्हतं.

४

सरकारी छापाचं ऑफिस म्हटलं की रजिस्टर आलंच. खिडक्या बंद केल्यावर दातारसाहेबांनी प्रत्येक खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्र बसवलं, आणि दर तासाला त्यावर दिसणारा धुळीचा आकडा लिहून ठेवायचं काम कृष्णातच्या गळ्यात मारलं. ते रजिस्टर आजवर कुणी उघडून पाहिलं नव्हतं. कृष्णात मात्र इमानेइतबारे लिहीत होता. फौजेत सवयच तशी लागते. कशासाठी हे विचारायचं नाही.

आजचं पान त्याने उघडलं. नऊला सगळीकडे चाळीसच्या आसपास. दहाला पॅन्ट्रीत एकशे साठ. हा नीरजचा धूर. म्हणजे दहाला तो खरंच पॅन्ट्रीत होता. अकराला पॅन्ट्री परत खाली आली होती, स्वरूपाची खोली बेचाळीस, सुहासिनीबाईंची एकोणचाळीस.

आणि साहेबांची केबिन? दहाला अडतीस. अकराला दोनशे बारा.

कृष्णात त्या आकड्याकडे बघत राहिला. अकराला तो आकडा त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि तेव्हा त्याला त्यात काही वाटलं नव्हतं. राउंडला तो सर्वांत आधी साहेबांच्या केबिनमध्ये जात असे, मान म्हणून. तिथून निघाला की पुढची पंधरा मिनिटं किल्ली खिळ्याला एकटी. हे साहेबांइतकं पक्कं कुणाला माहीत असणार?

साहेबांचं नाव घ्यायचं? आकडा काय, कशानेही वाढतो. उदबत्ती लावली म्हणतील.

बारा वाजून गेले होते. राउंडची वेळ टळून चालली होती. यंत्राची पुढची जाळी काढून धुवायचं कामही आठवड्यातून एकदा त्याच्याकडेच होतं. तो सरळ केबिनमध्ये गेला.

"जाळी काढतो, साहेब."

दातारसाहेबांची बोटं टेबलावर थांबली. "आज राहू दे, कृष्णात."

"तुमचंच सर्क्युलर आहे, साहेब. दर मंगळवारी."

साहेब जागचे उठले नाहीत. कृष्णातने जाळी काढून कागदात गुंडाळली आणि नळापाशी नेली. पण धुतली नाही.

जाळीवर पिवळट पूड बसली होती. तिच्यात दोन-चार जाड, काळे केस. त्याने बोट ओलं करून ती पूड टिपली आणि अंगठ्याने चोळली. क्षणभर काही नाही. मग बोटं एकमेकांना चिकटू लागली. अजून थोडं चोळलं, तशी बुळबुळीत तार धरली.

धूळ अशी चिकटत नाही. सिगरेटची राख चिकटत नाही. उदबत्तीची तर नाहीच.

कृष्णातला गावी आपल्या दाराबाहेर तापत असलेलं पातेलं आठवलं. चिंचोके भाजायचे, भरडायचे, शिजवायचे आणि ती खळ कुंचल्याने ताणलेल्या लोकरीवर फिरवायची. त्याने घोंगडं कडक होतं. नवं घोंगडं झटकलं की वाळलेली खळ पिठासारखी उडते. म्हणून त्याची आई नवं घोंगडं नेहमी अंगणात नेऊन झटकायची. चार भिंतींत, खिडक्या बुजवलेल्या खोलीत ते झटकायचा वेडेपणा सनगर गल्लीतलं शेंबडं पोरही करणार नाही. ते ज्याने झटकलं, त्याने आयुष्यात घोंगडं फक्त प्रदर्शनात पाहिलेलं होतं.

तो हात न धुता परत निघाला. बोटं अजून चिकटत होती.

५

"आत या," दातारसाहेब म्हणाले. "सापडलं का?"

कृष्णातने दार लावून घेतलं. पावणेदोन झाले होते. टेबलावर तक्रारीचा कागद तयार होता. त्यावर त्याचं नाव त्याला उलट्या बाजूनेही वाचता आलं. मधला दीड तास तो आपल्या स्टुलावर बसून राहिला होता. खरं सांगायचं तर त्याचा धीर होत नव्हता. चोवीस वर्षं ज्याने साहेबाला सलाम ठोकला, त्याने साहेबाला चोर कसं म्हणावं?

"साहेब, बसल्याबसल्या आठवलं, तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही दुपारी माझ्याकडून किल्ली मागून नेली होती. मी सही घेतली नाही. साहेबाकडे सही कशी मागायची, म्हणून. ती चूक माझी."

दातारसाहेबांनी तक्रारीचा कागद टेबलावर सरळ केला.

"रजिस्टरात दोघींची नावं आहेत. गोळ्या दोघींनीही ठेवलेल्या नाहीत. ज्याचं नाव रजिस्टरात नाही आणि जो आत गेला, असा एकच माणूस आहे. आज तुमच्या मशीनचा आकडा अडतीसवरून दोनशेवर गेला. जाळीत चिंचोक्याची खळ आहे आणि लोकर आहे. हे बघा." त्याने चिकट बोटं पुढे केली. "घोंगडं या खोलीत झटकलंय."

"खोली सुहासिनीबाईंनी पाहिली."

"सगळी पाहिली. एक जागा सोडून. तुम्ही अकरापासून उठला नाहीत, साहेब. दाराशी येऊन बोलावणारा माणूस, आज चहाला उठला नाही, जेवायला उठला नाही. लॅपटॉप खाली पडायला लागला म्हणून दोन अहवाल घालून उंच केलात. लॅपटॉप खाली गेला नाही. तुम्ही वर गेलात, वीतभर."

साहेबांच्या खुर्चीवर नेहमीप्रमाणे पांढरा टॉवेल होता. तो आज बैठकीवरूनही खाली लोंबत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर साऱ्या ऑफिसने गावाला वळसा घातला आणि कळशावर साहेब बसलेले.

मग दातारसाहेबांनी डोळे मिटले.

"चांगलंच करायला गेलो होतो हो," ते म्हणाले. "आमच्याकडे बायको, सुनंदा, दरवर्षी लोकरीच्या कपड्यांत घालते त्या गोळ्या. कसर लागू नये म्हणून. मला वाटलं, एवढं मोलाचं घोंगडं, पाहुण्यांसमोर उघडलं आणि कसर निघाली तर? चार गोळ्या टाकल्या. रसायन म्हणून डोक्यातच आलं नाही. घरात आयुष्यभर वापरलेली वस्तू."

"आणि आज लिस्ट ऐकलीत."

"वाटलं, गोळ्या उचलल्या आणि पिशवी उघडून वारा दिला की वास जाईल. उघडली, तर सील तुटलं. दोनदा झटकलं, तर सगळीकडे पीठच पीठ. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली."

"ती माझी. अकराच्या राउंडची."

"हो." साहेब पुढे झुकले. आवाज मऊ झाला. "कृष्णात, ऐका. मला निवृत्तीला सात महिने आहेत. निसर्गाला जपणारा माल विका म्हणून जगभर सांगत फिरणारा संचालक स्वतःच डांबराच्या गोळ्या टाकतो, हे बाहेर गेलं तर मंडळाचं तोंड काळं होईल. तुम्ही म्हणा की गोळ्या तुम्ही ठेवल्यात. आपल्या गावचा माल, काळजीपोटी केलंत. तुमच्याकडून कुणी एवढी अपेक्षा करत नाही. ही तक्रार मी फाडून टाकतो. नोकरी राहील, चोरीचा डागही नाही. मी शब्द देतो."

कृष्णात उभा राहिला तसाच. सुटका समोर होती, हात पुढे करायचा अवकाश. चोर नाही, नुसता अडाणी. पण सनगर गल्लीत हे कोण मानणार? ज्या घरात घोंगडी विणली जातात, त्या घरातल्या माणसाने घोंगड्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या? चोर म्हटलेलं एक वेळ लोक विसरतील. हे विसरणार नाहीत. आणि हौसाबाईच्या गटाची मेहनत आपल्याच माणसाच्या मूर्खपणाने वाया गेली, ही गोष्ट गल्ली पिढ्यान्‌पिढ्या सांगेल. आगीतून निघायचं आणि फुफाट्यात पडायचं.

"साहेब, चूक एकदा झाली, ती समजू शकतो मी," तो म्हणाला. "पण फोन करून माझं नाव सांगितलंत, तेव्हा घोंगडं तुमच्याच खाली होतं."

दातारसाहेबांनी लोंबणारी टॉवेलची कड आत सारली.

दारावर टकटक झाली. स्वरूपाने डोकं आत घातलं. "सर, पाहुणे आले. दहा मिनिटं आधीच. लिफ्टमध्ये आहेत."

६

पाहुण्यांच्या पुढे एक पांढऱ्या केसांची बाई होती. तिने केबिनमध्ये येताच हात पुढे केला. सुहासिनीबाई, नीरज, स्वरूपा, सगळे तिच्या मागोमाग आत आले आणि भिंतीलगत उभे राहिले.

दातारसाहेब बसूनच होते.

बाईचा हात हवेत राहिला. एक क्षण, दोन क्षण. स्वरूपाने गोंधळून साहेबांकडे पाहिलं. उठावं तर घोंगडं दिसतं, न उठावं तर पाहुण्यांचा अपमान होतो. सकाळपासून ज्या कोंडीत कृष्णात होता, ती आता खुर्चीवर जाऊन बसली होती. त्याला वाटलं होतं आपल्याला आनंद होईल. झाला नाही.

"उठा, साहेब," तो हळूच म्हणाला. "पाहुणे आलेत."

साहेब उठले. टॉवेल सरकला. घडीवर घडी घालून दाबून बसवलेलं काळं घोंगडं खुर्चीवर होतं, आणि त्याखाली तुटलेल्या लाखेची पिशवी.

"हे भगवान," नीरज पुटपुटला.

पुढचं बोलणं स्वरूपाने केलं. तिने काही लपवलं नाही. सील मंडळाच्या आत तुटलं, नमुन्याला गोळ्यांचा संसर्ग झाला, विणणाऱ्या बायकांचा यात काही दोष नाही, एवढं तिने इंग्रजीत नीट सांगितलं. पांढऱ्या केसांच्या बाईने ऐकून घेतलं. ती कठोर नव्हती. पण नियम होता. सील तुटलेला नमुना या वर्षी तपासता येणार नाही. पुढच्या वर्षी गटाने नव्याने अर्ज करावा. मग तिने तागाच्या पिशव्या पाहिल्या, काथ्याच्या चटया पाहिल्या आणि तीनच्या सुमारास सगळे निघून गेले.

केबिनमध्ये कृष्णात आणि साहेब राहिले. स्वरूपा दारात थांबली होती. तक्रारीचा कागद तसाच टेबलावर.

दातारसाहेबांनी तो उचलून फाडला. "झालं," ते म्हणाले.

"नाही झालं, साहेब. गावाला फोन लावा."

"तुम्हीच लावा ना. तुमची माणसं आहेत."

"चोर आहे असं तुम्ही सांगितलंत. नाही हेही तुम्हीच सांगा."

साहेबांनी फोन घेतला. नंबर लावला. कृष्णातने हात पुढे करून स्पीकर चालू केला. त्याने परवानगी विचारली नाही.

"हॅलो?" हौसाबाईचा खणखणीत आवाज आला. मागे मागाचा ठोका ऐकू येत होता. "दिल्लीचं सायेब व्हय? गावला का चोर?"

"घोंगडं मिळालं, हौसाबाई. पण सील तुटलंय. या वर्षी ते पाठवता येणार नाही."

मागाचा ठोका थांबला. "आमचं काय चुकलं का त्यात?"

"नाही. तुमचं काही चुकलं नाही."

"मग कृष्णाचंच म्हना की."

दातारसाहेबांनी कृष्णातकडे पाहिलं. कृष्णातने नजर हलवली नाही.

"नाही," साहेब म्हणाले. "कृष्णातने काही केलं नाही. माझं चुकलं. गोळ्या मी टाकल्या, सील मी तोडलं आणि घोंगडं मी लपवलं होतं."

कृष्णातला वाटलं फोन कट झाला.

"सायेब," हौसाबाई म्हणाली, आता आवाज खाली आला होता, "तुमचा फोन आला तवा मी गप बसले न्हाई. तडक जाऊन त्येच्या आईला सांगून आले. जेवत हुती म्हातारी. ताट सारलं आन् उठली. तवाधरनं कुनाशी बोललेली न्हाई."

कृष्णातने टेबलाची कड घट्ट धरली. फोन हिसकावून घ्यावा आणि आईला हाक मारावी असं त्याला तीव्रतेने वाटलं. त्याने घेतला नाही.

"आता तुमीच सांगा तिला," हौसाबाई म्हणाली. "मी चालले तिच्याकडं. फोन ठिवू नगा."

चपलांचा आवाज येऊ लागला. कुणीतरी वाटेत विचारलं, कुठं निघालीस. हौसाबाई थांबली नाही. कुत्रं भुंकलं. कोंबड्या ओरडल्या. सनगर गल्ली कृष्णातला पायाखालची माहीत होती. आता पिंपळाचा पार, आता पाण्याची टाकी, आता आपलं दार. इतका वेळ साहेब फोन हातात धरून होते. त्यांना तो ठेवता येत नव्हता.

कडी वाजली. "आक्का, दिल्लीस्नं फोन हाय. घे."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. म्हातारीचा श्वास ऐकू आला.

"आई," दातारसाहेब म्हणाले, "तुमच्या मुलाने चोरी केलेली नाही."

"ते मला म्हाईत हाय," म्हातारी म्हणाली. "तुमी कोन बोलताय, ते सांगा."